टाचा आपटून हायटस हर्निया जात नाही हो
सकाळी कोमट पाणी प्या, चवड्यांवर उभं राहून टाचा धाडकन आपटा, पोट खाली जागेवर बसतं, असा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतोय. याला काही भक्कम पुरावा नाहीये. छाती आणि पोटाच्या मधे डायफ्रॅमचा पडदा असतो, त्यातल्या अन्ननलिकेच्या भोकातून जठराचा वरचा भाग छातीत सरकतो, हाच हायटस हर्निया, आणि नेहमीच्या प्रकारात तो भाग आपोआप वरखाली होतच असतो, मग आपटून खाली गेला तरी ते सैल झालेलं भोक थोडंच आवळणार? उलट गुडघे-टाचा दुखत असतील तर नवीनच दुखणं मागे लागायचं.

बऱ्याच जणांना तर काही त्रासच नसतो, एंडोस्कोपीत (तोंडातून दुर्बीण घालून करतात ती तपासणी) हर्निया सहज सापडतो. जळजळ, आंबट ढेकर असतील तर वजन कमी करणं, थोडं थोडं खाणं, जेवल्यावर २-३ तास आडवं न होणं आणि पलंगाची डोक्याकडची बाजू ६-८ इंच उचलणं (नुसत्या उश्या रचू नका, पोट दुमडतं) याने खरंच फरक पडतो. गोळ्या डॉक्टरांना विचारून. ऑपरेशन मोजक्यांनाच लागतं.

पण घास अडकतोय, शी काळी होतेय तर लगेच दाखवा, आणि छातीत अचानक दुखलं तर ॲसिडिटी म्हणून घरी बसू नका, आधी ईसीजी.