तारण असलेले एनसीडी की सरकारी रोखे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: व्याजदर चढले की सरकारी रोख्यांचेही भाव पडतात, मग त्यांना सुरक्षित का म्हणायचं? त्यापेक्षा ट्रिपल ए, म्हणजे सर्वोच्च मानांकनाचे, तारण असलेले एनसीडी (कंपन्यांचे, शेअरमध्ये न बदलणारे कर्जरोखे) साडेनऊ टक्के देतात, आणि ज्याला धाकधूक नको त्याला बँकेची एफडी आहेच.

भाव पडतात, हे अगदी खरं. ७ टक्के व्याजाचा, १० वर्षं उरलेला रोखा घ्या. बाजारातला दर ८ टक्के झाला की १०० चा रोखा साधारण ९३.२० ला येतो. मात्र हा फटका मधेच विकणाऱ्याला बसतो. मुदतीपर्यंत थांबणाऱ्याला सहामाही व्याज आणि शेवटी दर्शनी १०० रुपये मिळतातच. वर्षभरात लागणारे पैसे १० वर्षांच्या रोख्यात घालूच नयेत, त्यासाठी ३६४ दिवसांचं टी-बिल, म्हणजे सरकारचा अल्पमुदतीचा रोखा, आहे. ६ टक्के दराने ते ९४.३५ च्या आसपास मिळतं आणि मुदतीला १०० हातात येतात. दर १ टक्क्याने चढला तरी त्याचा भाव ९० पैशांच्या आतच हलतो.

आणि एनसीडीचा भाव दर चढल्यावर पडत नाही का? पडतो, याच गणिताने. बरेच एनसीडी एक्स्चेंजवर क्वचितच हलतात, म्हणून ती पडझड डोळ्यांना दिसत नाही, एवढंच. म्हणजे तुम्ही म्हणता ती जोखीम तिथेही आहे, वर कंपनी बुडण्याची वेगळी.

आता तारण. बहुतेक वित्तकंपन्यांच्या एनसीडीमागे तारण म्हणून असतात त्यांनीच वाटलेल्या कर्जांची येणी. कंपनी अडचणीत येते ती बहुधा हीच येणी थकल्यामुळे, म्हणजे तारण नेमकं गरजेच्या वेळी आटतं. डीएचएफएल या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीचे २०१६ आणि २०१८ चे सार्वजनिक एनसीडी सिक्युअर्ड, म्हणजे तारण असलेलेच, होते आणि विक्रीच्या वेळी मानांकन ट्रिपल ए होतं. जून २०१९ पासून कंपनीची देणी चुकायला लागली. तोडगा निघून पैसे वाटले जायला सप्टेंबर २०२१ उजाडला, आणि तेही पूर्ण नव्हते.

दोन-तीन टक्के जास्त मिळतात त्याचा हिशेब करून पाहा. उदाहरणापुरतं धरू, सरकारी रोखा ६.८ टक्के, एनसीडी ९.५ टक्के, दोन्हींचं व्याज करपात्र. १ लाखावर फरक २,७०० रुपये. ३१.२ टक्के कर गेल्यावर उरतात १,८५८. कंपनी बुडून १ लाखातले ४० हजारच परत आले, तर ६० हजारांची ती खोट भरून यायला या फरकाने ३२ वर्षं लागतील. एनसीडी घेऊच नका असं मी म्हणत नाही, पण एकाच कंपनीत सगळे पैसे कधीच घालू नका.

बँकेचं नाव दिसलं म्हणून एफडीइतकं सुरक्षित समजू नका. बँकांचे एटी-१ बॉण्ड (बँक भांडवलासाठी काढते ते, बँक अडचणीत आली तर रद्द होऊ शकणारे रोखे) तर एफडीचे भाऊबंदसुद्धा नव्हेत. मार्च २०२० मध्ये येस बँकेचे सुमारे ८,४०० कोटींचे असे बॉण्ड शून्यावर आणले गेले, तेव्हा त्याच बँकेच्या ठेवीदारांचे पैसे शाबूत राहिले. तो वाद नंतर कोर्टात गेला.

एफडीबद्दल तुमचं बरोबर आहे, फक्त मर्यादा सांभाळा. ठेवींवरचा विमा ५ लाखांचा, तोही एका बँकेच्या सगळ्या शाखांतल्या तुमच्या ठेवी आणि व्याज मिळून. सहकारी बँकेत वर्षासाठी ठेवायचे असतील तर साडेचार लाखांच्या वर जाऊ नका, म्हणजे व्याजही विम्यात बसेल.

मधला मार्ग हवा असेल तर राज्य सरकारांचे रोखे पाहा, महाराष्ट्राचेही असतात. केंद्राच्या रोख्यांपेक्षा दर सहसा थोडा जास्त, आणि व्यवहार रिझर्व्ह बँकेमार्फत. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून १०,००० रुपयांपासून घेता येतात. लिलावात 'नॉन-कॉम्पिटिटिव्ह' बोली लावा, दर सांगावा लागत नाही. अडचण एकच, मधेच विकायला गेलात तर छोट्या रकमेला गिऱ्हाईक पटकन मिळत नाही.

तुम्ही म्हणता तसा एखादा एनसीडी घ्यायचाच असेल तर त्याच्या प्रॉस्पेक्टसमध्ये (विक्रीच्या माहितीपत्रकात) आधी तीन गोष्टी शोधा: तारणाचं प्रमाण, मुदतीआधी परत करण्याचा हक्क कंपनीला आहे का, आणि तीच मालमत्ता आधी बँकांकडे गहाण आहे का. दुय्यम बाजारातून, म्हणजे आधीच्या धारकाकडून, घेत असाल तर कूपन (रोख्यावरचा ठरलेला व्याजदर) बाजूला ठेवा, यील्ड (दिलेल्या भावावर प्रत्यक्ष पडणारा परतावा) बघा. १०० दर्शनी किमतीचा, १०६ ला घेतलेला साडेनऊ टक्क्यांचा रोखा साडेनऊ टक्के देत नाही.