चौदाव्या दिवसाचा हट्ट सोडा, वही सोडू नका

‘मूल हवंय? पाळीच्या चौदाव्या दिवशी संबंध ठेवा. मुलगा हवा असेल तर सम रात्र निवडा. पाळीच्या नोंदींच्या वह्या लिहीत बसू नका, त्याने टेन्शन येतं आणि दिवस राहत नाहीत. सहा महिन्यांत काही झालं नाही तर बाईची तपासणी करा.’ चान्स घेणाऱ्या जोडप्यांना व्हॉट्सअॅपवर हा मजकूर हमखास येतो, बहुतेकदा घरातल्याच कुणाकडून. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण या सल्ल्याने महिनेच्या महिने वाया जातात.

चौदावा दिवस आला कुठून? १९२०च्या दशकात जपानचे डॉ. ओगिनो यांनी दाखवलं, की स्त्रीबीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १२ ते १६ दिवस आधी. म्हणजे मोजणी पुढून मागे आहे. पाळी २८ दिवसांची असेल तर चौदावा दिवस जवळपास जुळतो. जिची पाळी ३५ दिवसांनी येते, तिचं बीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं. तिने चौदावा दिवस धरला तर तो महिना हुकलाच. त्यात बीज सुटल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. पुरुषबीज मात्र पाच दिवसांपर्यंत जगू शकतं, म्हणून आधीचे दिवस महत्त्वाचे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये विलकॉक्स आणि सहकाऱ्यांनी २२१ स्त्रियांच्या रोजच्या नोंदी आणि लघवीचे नमुने तपासले. १९९५ साली त्यांनी मांडलं, की गर्भ राहिला तो बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, एवढ्यातच. २००० साली त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: हे सहाही दिवस पाळीच्या १० ते १७ या दिवसांत बसतात, अशा स्त्रिया सुमारे ३० टक्केच. हे कळलं ते बायकांनी नेटाने वह्या लिहिल्या म्हणून.

सम रात्रीचा मुलगा तर सोडूनच द्या. संबंधाची वेळ आणि बाळाचं लिंग यांचा काही मेळ त्याच अभ्यासात सापडला नाही. लिंग ठरतं पुरुषबीजातल्या गुणसूत्रावर. आणि ज्या महाराष्ट्राने १९८८ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला, तिथे असा सल्ला बिनदिक्कत फिरावा, याचा मला संताप येतो.

नोंदींनी ताण येतो, हे मात्र पूर्ण खोटं नाही. पण तो बऱ्याचदा चुकीची गोष्ट टिपल्याने येतो. पहाटेचं तापमान घ्या. बीज सुटल्यानंतर ते ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं. वाढ दिसेपर्यंत संधी सरलेली असते. म्हणजे त्यावरून ‘आज’ ठरवता येत नाही, मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज तेवढा येतो. शिवाय ते अंथरुणातून उठण्याआधी घ्यायचं. पहाटे नळाला पाणी येतं म्हणून धावणारी किंवा नाइट शिफ्ट करणारी बाई ते रोज कसं जमवणार? तिने थर्मामीटर ठेवून द्यावा. पाळीचा पहिला दिवस, अंगावरून जाणारा स्राव, संबंध आणि आजारपण-औषधं एवढं लिहिलं तरी पुरे. स्राव कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा पारदर्शक, ताणला जाणारा झाला, की ते दिवस आले. एवढंही जड वाटत असेल तर फक्त तारखा लिहाव्यात आणि दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवावा, त्यात ते सहा दिवस आपोआप येतात. वही लिहिल्यामुळे दिवस राहत नाहीत, याला मात्र आधार नाही. मला तर वाटतं, ‘या महिन्यात काय?’ असं दर वेळी विचारणाऱ्यांचा ताण वहीपेक्षा मोठा असतो. वही त्या दोघांची आहे, सासूबाईंनी चाळायची नाही.

वहीच्या मर्यादाही आहेत. पीसीओडी (पाळी अनियमित करणारा बीजकोशांचा विकार) असेल तर मेडिकलमध्ये मिळणारं ओव्हुलेशन किट, म्हणजे बीज सुटायची वेळ लघवीवरून सांगणारी चाचणी, फसवू शकतं. गर्भनलिका बंद असल्या तर नोंदी अगदी नियमित दिसतील. आपल्याकडे जननमार्गाचा क्षयरोग हे नलिका बंद होण्याचं एक महत्त्वाचं कारण आहे. म्हणून बाईचं वय ३५च्या आत असेल तर वर्षभर, पुढे असेल तर सहा महिने वाट पाहावी आणि मग डॉक्टरांकडे जावं. पाळी फार अनियमित असेल किंवा क्षयरोग होऊन गेला असेल तर तेवढंही थांबू नये.

राहिली ‘बाईची तपासणी’. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा इतर कारणांसोबत असतं. तरी फॉलिकल (बीज वाढतं ती पिशवी) बघायला वारंवार सोनोग्राफी होते ती तिची, नळ्यांचा दुखरा एक्स-रे तिचा, आणि सुईसुद्धा न लागणारी वीर्यतपासणी मात्र ‘नंतर बघू’. ती पहिल्याच भेटीत मागावी. त्यासाठी दोन ते सात दिवस संबंध टाळावा लागतो, तेव्हा शेवटच्या संबंधाची तारीखही वहीत असू द्या.