इंग्रजीच्या क्लासमध्ये मागच्या बाकावर कोण बसतं?

बडोद्याच्या आमच्या नातेवाइकांत आणि जुन्या मित्रमंडळींत एक वाद रंगलाय. अलकापुरी, फतेहगंज भागातल्या इंग्रजीच्या क्लासेसमध्ये शिकवणाऱ्यांना बी.एड. सक्तीचं करावं का? काहींना सरकारी नियम हवेत. काही म्हणतात, फाडफाड इंग्रजी येतं ना, मग कागद कशाला? मी मेलबर्नमध्ये स्थलांतरित प्रौढांना इंग्रजी शिकवते. मला वाटतं, दोन्ही बाजूंना मूळ दुखणं सापडलेलंच नाही.

केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पदवीपेक्षा कमी शिकलेल्याला शिकवायला ठेवू नये, असं त्यांत आहे. चांगलंच आहे, पण परदेशी प्रवेशासाठी लागणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत आठ बँड, म्हणजे वरची श्रेणी, मिळवलेला बी.कॉम. मुलगा पदवीधर असतोच. त्याला परीक्षा देता येते. शिकवता येतं का, हे कुणी पाहिलेलं नसतं. आणि बी.एड.ची तयारी शाळेतल्या मुलांसाठी असते. मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतून पाळी संपवून आलेला चाळिशीचा फिटर वर्गात तोंड उघडायला का घाबरतो, हे त्यात कुठे येतं?

प्रौढांना इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी केंब्रिजचा सेल्टा नावाचा कोर्स आहे, साधारण १२० तासांचा. त्यातले सहा तास खऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांपुढे उभं राहून शिकवायचं असतं. मागे प्रशिक्षक वही घेऊन बसतो, बरोबरचे शिकाऊ शिक्षकही बसतात. नंतर चर्चा होते. तू किती बोललीस आणि ते किती बोलले? ती कोपऱ्यातली बाई पूर्ण वेळ गप्प होती, ते दिसलं का? फळ्यावर लिहिलेलं वाक्य त्यांना कळलं, की त्यांनी नुसतं उतरवून घेतलं? अशा प्रश्नांतून जे शिकायला मिळतं ते बँडमधून मिळत नाही, आणि विद्यापीठाच्या गुणपत्रिकेतूनही नाही.

म्हणून परदेशात सगळं आलबेल आहे असं मात्र कुणी समजू नये. ऑस्ट्रेलियात स्थलांतरितांना इंग्रजी शिकवण्याची सरकारी योजना १९४८ पासून चालू आहे. पूर्वीची ५१० तासांची मर्यादाही २०२१ मध्ये उठली. तरी या क्षेत्रातले कितीतरी शिक्षक तासावर असतात. सुट्टी लागली की पगार बंद. पात्रता मागायची आणि नोकरी मात्र टिकाऊ द्यायची नाही, हा अन्याय आहे, आणि त्यामुळे चांगली माणसं दुसरीकडे निघून जातात. गोऱ्या तोंडाला आणि उच्चाराला मान देण्याची खोडही जुनीच. इंग्रजी शिक्षकांच्या टेसोल या आंतरराष्ट्रीय संघटनेला २००६ मध्ये त्याविरुद्ध जाहीर भूमिका घ्यावी लागली.

बडोद्यात हेच दुखणं वेगळ्या रूपात दिसतं. परदेशी प्रवेशांचा हंगाम आला की बॅच फुगते, घाईने कुणालातरी ठेवतात, आणि तो शिकवणारा स्वतःच व्हिसाची वाट बघत असतो! त्याचा व्हिसा आला की बॅच अधांतरी. त्याला शिकवायला कोण शिकवणार, आणि कशासाठी?

सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्या गावात हे होतंय याचा मला राग येतो. साधनं तर हाताशी आहेत. बडोद्याच्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिक्षणशास्त्राची विद्याशाखा आहे, आणि इंग्रजीच्या शिक्षकांना घडवणारी एच. एम. पटेल संस्था जवळच वल्लभ विद्यानगरला आहे. क्लासचालकांनी वर्गणी काढून तिथल्या अनुभवी माणसांना संध्याकाळी आपल्या वर्गांत मागे बसवावं. सरावपाठ हा प्रकार बी.एड.वाल्यांना नवा नाही, तो प्रौढांच्या वर्गात आणायचाय, एवढंच. आणि जो शिक्षक त्यात उतरेल त्याला वर्षभराचा पगार ठरवून द्यावा.

भाचीला मी फोनवर सांगितलंय, नुसत्या डेमो लेक्चरवरून क्लास ठरवू नकोस. ते बहुतेक वेळा मालक स्वतः घेतात, बॅच दुसऱ्याच कुणाच्या गळ्यात पडते. आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, जो शिक्षक तुला मिळणार आहे त्याच्याच चालू वर्गात तासभर बसू द्या म्हणावं. नाही म्हणाले तर फी भरू नकोस.