हसून सोडून द्यायचं? कशासाठी?

‘ऑफिसातल्या त्रासदायक सहकाऱ्याला जिंकण्याचे पाच मंत्र’ हा मेसेज एव्हाना तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. गुलाबाची फुलं, जोडलेले हात, ‘प्रत्येक मुलीला पाठवा’. आमच्या इंदूरच्या घरच्या ग्रुपवर तो मोठ्या वहिनींनी टाकला, तेव्हा मी नेहमीसारखा न वाचताच वर सरकवला. परवा रात्री भाचीचा फोन आला, “मावशी, पुरावा नसला तर मलाच जेल होते का गं?” मग मात्र उघडून वाचला.

ती विजयनगरकडच्या एका ऑफिसात हिशेब बघते. तिथला एक गृहस्थ खुर्चीमागे येऊन उभा राहतो, कपड्यांवर शेरे मारतो, “आज कुणासाठी एवढं?” म्हणून विचारतो. बाकीचे फिदीफिदी हसतात. आणि मंत्र क्रमांक तीन सांगतो: हसून सोडून द्या, लेखी काही देऊ नका, अंगाला हात लावला तरच कायदा लागतो आणि पुरावा नसेल तर तक्रार करणारीच आत जाते.

कायद्याच्या दोन्ही गोष्टी साफ खोट्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा काढून वाचा, फार मोठा नाही. त्याच्या व्याख्येत स्पर्शाच्या बरोबरीने अश्लील शेरेही येतात, आणि तोंडातून शब्द न काढता केलेलं नकोसं वागणंही. राहिला जेलचा बागुलबुवा. कलम 14 प्रमाणे तक्रार दुष्ट हेतूने किंवा जाणूनबुजून खोटी केली, नाहीतर बनावट कागद दिले, असं चौकशीत ठरलं तरच कारवाई, तीही नोकरीच्या नियमांनुसार. तुरुंगाचं नाव त्यात नाही. उलट, नुसता पुरावा देता आला नाही म्हणून तक्रारदार बाईवर कारवाई करायची गरज नाही, असं त्याच कलमात लिहिलंय. मेसेजवाल्याने कलम अर्धंच वाचलं, नाहीतर पूर्ण वाचून अर्धं सांगितलं. मला यातली दुसरी शक्यताच खरी वाटते.

आणि ‘लेखी देऊ नका’ हा सल्ला तर फारच सोयीचा. कुणाच्या, ते वेगळं सांगायला नको. तक्रार लेखीच द्यावी लागते, शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. उशिराचं कारण तक्रार ऐकणाऱ्या समितीला पटलं तर आणखी तीन. म्हणजे सहा महिने हसत बसलात की समितीचं दार बंद! लिहिता येत नसेल तर समितीने मदत करायची, हेही कायद्यातच आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे समिती ऑफिसातच हवी. शीतलामाता बाजारातल्या चार नोकरांच्या दुकानात काम करणारीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते.

बाकीचे मंत्र. ‘21 दिवस कौतुक करा, माणूस बदलतो.’ हा 21 चा आकडा एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनचा. पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एवढे दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्यात शेजारच्या टेबलावरचा माणूस कुठून आला? ‘रास बघून वागा’ यावर मी वेळ घालवणार नाही.

‘एचआरवर विसंबू नका’ हे थोडंफार खरं आहे, त्यांचा पगार मालकच देतो. म्हणूनच समितीची अध्यक्ष बाई, निदान निम्म्या सदस्य बायका आणि एक सदस्य बाहेरचा, अशी अट आहे.

‘चहा पाजा’ हेही नाइलाजाने मान्य. माझ्या जुन्या ऑफिसात एक बडेबाबू फायली दाबून बसायचे. दर शनिवारी मी पोहे-जिलेबी मागवायला लागले आणि दोन महिन्यांत फायली हलल्या. पण ते नुसते खडूस होते. खुर्चीमागे उभं राहणाऱ्याला पोहे खाऊ घातले तर तो त्याचा भलताच अर्थ काढेल.

भाचीने काल तारखा लिहून काढल्या. शेवटची गेल्या मंगळवारची. रविवारी आम्ही दोघी हिंदीत अर्ज लिहायला बसतोय. वहिनी, तुम्ही तो मेसेज ज्या ज्या ग्रुपवर टाकलात ना, तिथे तेवढं हेही टाका.