आकाझासाठी रडलं म्हणजे रेन्गोकूला विसरलं असं होत नाही

सकाळपासून एक मीम फिरतंय. वर 'डीमन स्लेअर' या जपानी अॅनिमेतल्या आकाझा या राक्षसाचा रडवेला चेहरा आणि खाली "राक्षसाला मिठ्या मारणाऱ्यांनो, रेन्गोकूला कोणी मारलं ते विसरलात?" त्याखाली हसणाऱ्यांची रांग. रेन्गोकू म्हणजे राक्षसांना मारणारा लाडका योद्धा, 'मुगेन ट्रेन' या आधीच्या चित्रपटात आकाझाने मारलेला. नाही विसरलो, बाबांनो. ज्यांना आठवतंय तेच रडतायत, एवढी साधी गोष्ट डोक्यात कशी शिरत नाही?

(स्पॉयलर भरपूर आहेत. मांगा, म्हणजे मूळ चित्रकथा, २०२० मध्येच संपलाय, आणि त्यावरचा चित्रपट 'इन्फिनिटी कॅसल' १२ सप्टेंबर २०२५ ला आपल्याकडे लागला. अजून बघायचा असेल तर इथूनच मागे फिरा.)

काल दुपारच्या शोला पुढच्या रांगेत आठवी-नववीतली एक मुलगी होती. अंगात रेन्गोकूचा तो पांढरा झगा, खालच्या कडेला ज्वाळा. आकाझाचा भूतकाळ सुरू झाला आणि थोड्या वेळाने तिचे खांदे हलायला लागले. शेजारी बसलेले बाबा, चार रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात, "अगं, यानेच मारलं ना तुझ्या त्या रेन्गोकूला? मग रडतेस काय?" ती म्हणाली, "माहितीये. मला तो अजून आवडत नाहीच." आणि परत नाक ओढलं.

तुमच्या मीमचं उत्तर एवढंच आहे खरं तर. पण तुम्हाला ते पुरायचं नाही.

आकाझाचं माणूस असतानाचं नाव हाकुजी. एदोमधला, म्हणजे जुन्या टोकियोतला पोरगा, आजारी बापाच्या औषधासाठी खिसे कापणारा. पकडला की फटके आणि हातावर गुन्हेगाराच्या गोंदणाच्या पट्ट्या. शेवटी बाप गळफास घेतो. चोरीच्या पैशावर मला जगायचं नाही, तू नीट जग, अजून वेळ गेलेली नाही, असं मागे लिहून ठेवतो. इथपर्यंतची गोष्ट शंभर ठिकाणी पाहिलेली आहे, आणि इथपर्यंत थिएटरात कोणी फार रडतही नाही. मग केइझो हा मारामारी शिकवणारा गुरू येतो, या माथेफिरू पोराला बेदम हाणतो, आपल्या आखाड्यावर नेतो आणि आजारी मुलीची, कोयुकीची, शुश्रूषा त्याच्यावर सोपवतो.

आता एक छोटा प्रसंग नीट बघा, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. बाहेर आतषबाजी आहे, कोयुकी अंथरुणाला खिळलेली. ती म्हणते, तू एकटा तरी जाऊन ये. तो म्हणतो, बरं वाटत असेल तर पाठीवर घेऊन पुलापर्यंत नेतो. आज नाही जमलं तर पुढच्या वर्षी जाऊ, नाही तर त्याच्या पुढच्या. हे तो सहज बोलून जातो. पण तिच्या आईने मुलीचं दुखणं न सोसून जीव दिलेला, आणि आपण पुढच्या वर्षी असू हे तोपर्यंत त्या मुलीच्या मनातसुद्धा आलेलं नसतं. त्या "पुढच्या वर्षी"मुळेच ती त्याच्याशी लग्न करायला तयार होते. शेजारच्या तलवारबाजीच्या आखाड्यातले लोक विहिरीत विष टाकतात तेव्हा हाकुजी घरी नसतो. लग्न ठरलंय हे बापाच्या थडग्यापाशी सांगायला गेलेला असतो. परत येतो तेव्हा केइझो आणि कोयुकी दोघंही गेलेले. मग नुसत्या हातांनी ६७ माणसं मारतो. राक्षसांचा म्होरक्या मुझान येतो, त्याला राक्षस बनवतो, आणि सगळं पुसलं जातं.

पुसलं जातं खरं, पण डोक्यातून. हातांतून नाही. लिहिणाऱ्याचं कसब इथे आहे, आणि मीमवाल्यांना नेमकं हेच दिसत नाही. लढताना आकाझाच्या पायाखाली उमटते ती हिमकणाची आकृती, कोयुकीच्या केसातल्या पिनेवरची. त्याच्या प्रहारांची नावं आतषबाजीतल्या शोभेच्या दारूवरून घेतलेली. अंगभर निळ्या पट्ट्या, म्हणजे ते गोंदण पसरत गेलेलं. बायकांना तो मारत नाही. रेन्गोकूशी लढतानाही यातलं बरंचसं पडद्यावर होतंच की! आपण नुसती स्टाईल म्हणून बघत होतो. दुर्बळ माणसांचा त्याला तिटकारा येतो तेव्हा तो खरं कोणावर चिडलेला असतो, हे त्याला स्वतःलाही शंभरहून जास्त वर्षं कळत नाही. फ्लॅशबॅकमध्ये रडू येतं ते यामुळे. नुसत्या दुःखाने येत नाही. आधी पाहिलेलं सगळं उलटं फिरून अंगावर येतं, तेव्हा येतं.

"प्रत्येक राक्षसाला अशी करुण कहाणी चिकटवतात, फॉर्म्युला आहे." हो, आधीच्या राक्षसांपैकी रुईला होती, ग्यूतारो-दाकीला होती. मग याच चित्रपटातला राक्षस डोमा घ्या. त्याला भावनाच नाहीत, आणि लेखकाने त्याच्यावर एक थेंबही वाया घालवलेला नाही. काइगाकू जीव वाचवायला राक्षस झाला. तो मेला तेव्हा थिएटरात कोणाच्या घशात आवंढा आला होता? प्रेक्षक मूर्ख नसतो. बटण दाबलं की रडला असं होत नाही.

फ्लॅशबॅक लांबलाय, हे मान्य. १५५ मिनिटांच्या चित्रपटात ऐन लढाई थांबवून एवढं मागे जाणं अंगावर येतं. कागदावर वाचक आपल्या वेगाने पानं उलटतो, पडद्यावर ती सोय नाही, आणि चित्रपट बनवणाऱ्या युफोटेबल स्टुडिओवाल्यांना मांगातलं काही गाळवत नाही. पुढे.

राहिला मुद्दा "खून माफ"चा, म्हणजे करुण कहाणी दाखवून आकाझाला माफ करून टाकलं या आरोपाचा. याचंच खरं तर डोकं उठलंय. पहिल्या सीझनचा २१वा एपिसोड लावा. रुई मेलाय, त्याच्या रिकाम्या किमोनोवर गियू हा राक्षस मारणारा योद्धा पाय ठेवतो आणि नायक तांजिरो सांगतो, पाय काढा. ज्यांची माणसं मेली त्यांच्यासाठी मी राक्षसाचं डोकं उडवणारच, पण पस्तावलेल्याला तुडवणार नाही. २०१९ साली ऐकवलंय हे. इन्फिनिटी कॅसलमध्येही तो आकाझाचं डोकं उडवतोच, आधी. ते धड बिनडोक्याचं परत उभं राहतं, आणि मग स्वतःला संपवायचं की नाही हे हाकुजी ठरवतो. माफी कोणी मागत नाही, कोणी देत नाही. त्या पोरीला हे कळलं, तुम्हाला का कळू नये?

जाऊ दे. भांडून काय होणार. ज्यांनी अजून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी लिहितो.

सगळी मालिका बघायला वेळ नसेल तर निदान पहिल्या सीझनचे १९ ते २१ आणि मग 'मुगेन ट्रेन' पूर्ण बघून जा. रेन्गोकूला मारल्याचा राग नसेल तर आकाझाबद्दलचं रडू कोरडंच राहणार. रील बघून अजिबात जाऊ नका. रीलमध्ये कोयुकीची शेवटची मिठी असते. त्याआधीची आतषबाजी आणि विहीर कापलेली असते, म्हणून ती तुम्हाला नाटकी वाटते. दीडपट वेगाने तर नकोच. आणि जमलं तर जपानीत बघा. आकाझाला आवाज आकिरा इशिदा यांचा आहे, तो खोडकर, लाडीगोडीचा स्वर हाकुजी होताना कसा उतरत जातो ते कानाने ऐकण्यासारखं आहे. शिवाय शेवटी कोयुकी त्याला "ओकाएरी नासाई, अनाता" म्हणते. घरी परतलेल्या माणसाला म्हणतात ते, आणि पुढे बायको नवऱ्याला हाक मारते ते. आपल्याकडच्या "आलात? अहो..." सारखं. त्यांचं लग्न झालेलंच नसतं, हे लक्षात ठेवून ऐका.

बाहेर पडताना तेच बाबा सरकत्या जिन्यावर पुढे होते. आता आवाज खाली आलेला. "ती मुलगी कोण होती गं? ती आजारी?" पोरीने डोळे पुसले, झगा सावरला आणि थेट मुगेन ट्रेनपासून सुरुवात केली. पार्किंगपर्यंत ती अजून रेन्गोकूवरच होती.