पुनर्लेखनीय सीडी म्हणजे पेन ड्राइव्ह नव्हे

जुने संगणक चालते ठेवणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो. त्याचा आशय असा: दोन जुन्या संगणकांमध्ये फायली न्यायच्या असतील तर एक रीरायटेबल सीडी घ्या, ती एकदा फॉरमॅट करा आणि पेन ड्राइव्हसारखी वापरा, ती कोणत्याही सीडी ड्राइव्हमध्ये चालते, तिच्यात ७०० एमबी मावतात, ती हजार वेळा पुसता येते आणि फायली कॉपी झाल्या की काम झाले. या सल्ल्यामागची गरज खरी आहे. विंडोज ९८च्या मूळ आवृत्तीत पेन ड्राइव्ह ओळखण्याची अंगभूत सोय नाही, त्यासाठी वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो. त्याआधीच्या यंत्रांचे तर बोलायलाच नको. १.४४ एमबीच्या फ्लॉपींवरून ६५० एमबी न्यायचे म्हटले तर सुमारे साडेचारशे फ्लॉपी लागतील. तेव्हा सीडी-आरडब्ल्यू, म्हणजे हीच रीरायटेबल सीडी, हा मार्ग चुकीचा नाही. चूक आहे ती तिला पेन ड्राइव्ह समजण्यात, आणि सल्ल्यातले जवळजवळ प्रत्येक विधान त्याच एका समजुतीतून आलेले आहे.

पहिले विधान: ‘कोणत्याही सीडी ड्राइव्हमध्ये चालते.’ चालत नाही. कारखान्यात छापलेली सीडी लेसरचा सुमारे ७० टक्के प्रकाश परत पाठवते, तर सीडी-आरडब्ल्यू जेमतेम १५ ते २५ टक्के. हा फरक तिच्या घडणीतच आहे. तिच्या आत चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांच्या मिश्रधातूचा पातळ थर असतो. लिहिताना लेसर त्याचा सूक्ष्म ठिपका वितळवतो, तो झटकन थंड होऊन मंद दिसतो, आणि पुसताना त्याच ठिपक्याला कमी उष्णता देऊन पुन्हा स्फटिकरूपात आणले जाते. जुन्या ड्राइव्हचे सर्किट भरपूर प्रकाशाच्या हिशेबाने बांधलेले असल्याने त्याला ही फिकी चकती दिसतच नाही. १९९७ मध्ये यासाठी ‘मल्टिरीड’ हा निकष आला आणि त्यानंतरच्या बहुतेक ड्राइव्हमध्ये कमी प्रकाशाचा संकेत वाढवून घेण्याची सोय झाली. त्याआधीचा ड्राइव्ह छापील सीडी बिनचूक वाचत असेल आणि सीडी-आरडब्ल्यू नाकारत असेल, तर तो बिघडलेला नाही, उगाच त्याची लेन्स पुसत बसू नये. अशा यंत्रासाठी एकदाच लिहिता येणारी सीडी-आर वापरावी. तिची परावर्तनक्षमता छापील सीडीच्या बरीच जवळ असते.

लिहिणाऱ्या बाजूलाही अट आहे. सीडी-आरडब्ल्यू चकत्या साध्या, ‘हाय स्पीड’ आणि ‘अल्ट्रा स्पीड’ अशा वेगवेगळ्या जातींच्या निघाल्या, आणि ४एक्सपर्यंतच, म्हणजे सीडीच्या मूळ वेगाच्या चौपटीपर्यंतच, लिहिणाऱ्या सुरुवातीच्या राइटरला हाय स्पीड चकतीवर लिहिता येत नाही.

दुसरे विधान सर्वांत जास्त गोंधळ घालणारे आहे: ‘फॉरमॅट करा आणि पेन ड्राइव्हसारखी वापरा.’ फायली ओढून टाकण्याची ही पद्धत, म्हणजे पॅकेट रायटिंग, डायरेक्टसीडी किंवा इनसीडीसारख्या सॉफ्टवेअरवर चालत असे. त्यात चकतीवर यूडीएफ नावाची फाइलव्यवस्था तयार होते आणि माहिती ६४ केबीच्या ठरावीक पॅकेटांत लिहिली जाते. प्रत्येक पॅकेटमध्ये माहितीचे ३२ ब्लॉक असतात, पण त्यांना पुढच्या-मागच्या पॅकेटशी जोडण्यासाठी आणखी ७ ब्लॉक खर्ची पडतात. म्हणजे ३९ पैकी ३२ तुमच्या वाट्याला. ६५० एमबीच्या चकतीवर साधारण ५३० एमबी उरतात. सल्ल्यातले ‘७०० एमबी’ इथेच गळून पडतात. एखाद्या पत्रातले एक अक्षर बदलले तरी अख्खे ६४ केबी वाचून, बदलून, परत लिहावे लागतात, आणि जुन्या यंत्रावर हा उशीर अगदी हाताला जाणवतो.

पण जागा आणि वेग ही किरकोळ दुखणी. खरी अडचण समोरच्या यंत्रावर कळते. विंडोज ९८ला यूडीएफची १.०२ ही आवृत्ती वाचता येते, मात्र सीडी-आरडब्ल्यूवरचे पॅकेट रायटिंग १.५ या आवृत्तीवर बेतलेले आहे आणि ते अंगभूत रीतीने वाचण्याची सोय विंडोज २०००पासून आली. मी एकदा अशीच फॉरमॅट केलेली चकती विंडोज ९८च्या यंत्रात घातली होती. ड्राइव्हचा दिवा लुकलुकला, चकती फिरायला लागली, थांबली, पुन्हा फिरली, आणि पडद्यावर ड्राइव्ह सज्ज नसल्याचा संदेश आला. त्या यंत्रात यूडीएफ वाचणारा छोटा प्रोग्राम टाकला की काम झाले असते. फक्त तो प्रोग्राम त्याच चकतीवर होता.

याला साधा उपाय आहे. चकती फॉरमॅट करू नये. सगळ्या फायली हार्ड डिस्कवर एका फोल्डरमध्ये गोळा कराव्यात, आयएसओ ९६६० या सीडीच्या जुन्या प्रमाणित फाइलव्यवस्थेत एकाच वेळी लिहाव्यात आणि सेशन, म्हणजे एका वेळच्या लिखाणाचा भाग, बंद करावे. पुढच्या वेळी चकती पूर्ण पुसून नव्याने लिहावी. थोडक्यात, तिला पाटी न समजता बंद लखोटा समजावे. तीच चकती सेशनवर सेशन जोडून वापरण्याचा मोह अनेकांना होतो. पण पहिल्या सेशननंतरचे प्रत्येक सेशन नुसत्या बांधणीसाठीच सुमारे १३ एमबी खाते, यादीतून काढलेल्या फाइलची जागा परत मिळत नाही, आणि काही फार जुने ड्राइव्ह पहिल्या सेशनपलीकडे पाहतच नाहीत.

‘हजार वेळा पुसता येते’ हे तिसरे विधान अर्धे खरे आहे. सुमारे १,००० हा आकडा चकतीच्या एकेका जागेचा आहे. दर वेळी पूर्ण पुसून लिहिणाऱ्याला तो आयुष्यभर पुरेल. पॅकेट रायटिंगमध्ये मात्र फायली कुठे आहेत हे सांगणारी नोंद प्रत्येक छोट्या बदलासरशी त्याच त्या जागी लिहिली जाते, त्यामुळे बाकीची चकती कोरी करकरीत असतानाच नेमकी ती जागा आधी झिजते. खराब पॅकेटांसाठी राखीव जागा ठेवलेली असते हे खरे, पण ती मोजकीच.

पुसण्याबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ‘क्विक’ पुसण्यात फक्त अनुक्रमणिका जाते, मजकूर चकतीवर तसाच राहतो. चकती दुसऱ्याच्या हाती द्यायची असेल तर पूर्ण पुसावी. ४एक्सवर त्याला वीसेक मिनिटे लागतात.

राहिले शेवटचे: ‘कॉपी झाली की काम झाले.’ आधी नावांचे पाहू. आयएसओ ९६६०च्या सर्वांत कडक पातळीवर नावाला आठ आणि विस्ताराला तीन अक्षरे मिळतात. लांब नावांसाठी विंडोज ९५पासून जोलिएट ही जोड वापरली जाते, तीही ६४ अक्षरांपर्यंत. डॉसला ती दिसत नाही. ‘हिशेब मार्च जुना’ आणि ‘हिशेब मार्च सुधारित’ अशा दोन फायली डॉसच्या पडद्यावर सारख्याच तोडक्या नावाने, शेवटी एखादा आकडा चिकटून उभ्या राहतात, आणि सुधारित कोणती हे उघडल्याशिवाय कळत नाही. जुन्या मॅकवरच्या फायलींचे याहून वाईट होते, कारण तिथे फाइलचा एक भाग ‘रिसोर्स फोर्क’मध्ये असतो आणि साध्या आयएसओ चकतीवर तो गळून पडतो, अशा फायली आधी स्टफिटसारख्या साधनाने बांधून घ्याव्या लागतात.

मग पडताळणी. लिहिणाऱ्या ड्राइव्हने ‘व्हेरिफाय’ केले म्हणजे फक्त त्या ड्राइव्हला चकती वाचता आली एवढेच सिद्ध होते. प्रश्न दुसऱ्या ड्राइव्हचा आहे. म्हणून फायली झिप करून न्याव्यात आणि पोहोचलेल्या यंत्रावर झिपची चाचणी घ्यावी. आत साठवलेल्या सीआरसीशी, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या तपासणीच्या आकड्याशी, मजकूर जुळला नाही तर तिथेच कळते. ती चाचणी होईपर्यंत मूळ फायलींना हात लावू नये.

विंडोज ९८वर चकतीवरून उतरवलेल्या फायलींना सीडीचे ‘रीड-ओन्ली’ चिन्ह चिकटून येते, त्यामुळे बदल करून सेव्ह करताना नकार मिळतो आणि माणूस फाइल खराब झाली असे समजून पुन्हा चकती लिहायला घेतो. फाइलच्या प्रॉपर्टीजमधली ती एक खूण काढली की फाइल सेव्ह होते. झिपमधून उघडलेल्या फायलींना ही अडचण सहसा येत नाही, कारण तिथे चिन्ह चिकटते ते फक्त बाहेरच्या झिपला.