सॉफ्ट कोरल, फेविक्विक आणि किनाऱ्यावरचा फुकटचा दगड

कोकणात घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोरल (प्रवाळ) पाळणाऱ्या रीफ टँकवाल्यांमध्ये सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. 'घरच्या घरी सॉफ्ट कोरल वाढवा, अगदी नैसर्गिक पद्धतीने' असा मथळा. मजकूर थोडक्यात असा: समुद्र दारात असताना मीठ कशाला विकत घेता? पाणी समुद्राचं आणा, दगड किनाऱ्यावरचा उचला, कोरलचा तुकडा फेविक्विकने डकवा, वरून भरपूर उजेड द्या, रोज खाऊ घाला, आणि तुकडा मिटला की मेला समजून फेकून द्या. रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंतची नवी मंडळी हा मेसेज जपून ठेवतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'फेविक्विकने डकवा, पाच मिनिटांत काम फत्ते'

सगळ्यात जास्त तुकडे याच सल्ल्यापायी जातात. कठीण कोरलला चुनखडीचा सांगाडा असतो, तिथे गोंद बसतो. लेदर, सिन्युलेरिया, केनिया ट्री या सॉफ्ट कोरलना सलग सांगाडाच नाही. मांसात चुनखडीच्या बारीक सुया विखुरलेल्या, बाकी बहुतेक पाणी. कापल्याबरोबर हा जीव बुळबुळीत स्राव सोडतो. गोंद धरतो तो त्या बुळबुळीला, मांसाला नव्हे. एकदोन दिवसांत तुकडा तो थर झटकतो आणि त्याच्याबरोबर गोंदातूनही सुटतो. सकाळी बघावं तर दगडावर गोंदाचा पांढरा चट्टा आणि तुकडा वेव्हमेकरच्या (पाणी ढवळणाऱ्या पंपाच्या) जाळीत अडकलेला. मग माणूस काय करतो? आणखी गोंद लावतो!

दगडाला धरण्याचं काम तुकड्याचं आहे, आपलं नाही. कापलेली बाजू भरून येते, कडेचं मांस पसरतं, दगडाच्या खाचांत शिरतं. आपण दोनच गोष्टी बघायच्या: बूड दगडाला टेकलेलं हवं आणि ते हलता कामा नये. हापूसचं कलम बांधणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. तो काडी गोंदाने चिकटवत नाही. पट्टीने बांधतो आणि मग हात लावत नाही.

लेदरचा तुकडा असेल तर देठातून बांबूची टूथपिक आडवी आरपार घालायची, देठाचं बूड दगडावर टेकवायचं, आणि टूथपिकच्या दोन्ही टोकांवरून रबरबँड दगडाभोवती घ्यायचा. रबर थेट मांसावरून नेलं की ते हळूहळू रुतत जातं आणि तुकडा मधोमध कापला जातो. साधारण दोन-तीन आठवड्यांत पकड येते. मग रबर काढायचं, टूथपिक अलगद ओढून घ्यायची.

चपट्या तबकडीसारख्या मश्रूम कोरलला हे जमत नाही, कारण टोचण्यासारखा देठच नसतो. (मश्रूम आणि झोआ, म्हणजे बटणांसारखे झुपक्याने वाढणारे जीव, हे शास्त्राच्या हिशेबाने सॉफ्ट कोरल नव्हेतच, पण टाकीत त्यांचा कारभार याच घरातला.) त्यांच्यासाठी चहाच्या कपाएवढं प्लास्टिकचं भांडं घ्या, तळाला बोटाच्या पेराएवढे खरबरीत दगडाचे तुकडे पसरा, वर मश्रूम ठेवा आणि तोंडाला विरळ जाळी लावा. भांडं प्रवाह मंद असलेल्या कोपऱ्यात ठेवून द्या. तो आपणहून एखाद्या तुकड्यावर बूड रोवतो. जाळीसाठी मच्छरदाणीचा तुकडा चालतो, पण औषध लावलेल्या मच्छरदाणीचा नको. त्या कीटकनाशकाने टाकीतली कोळंबी आधी जाईल.

झेनिया आणि ग्रीन स्टार पॉलिप या पसरत जाणाऱ्या कोरलना तर कापून मग बसवायची गरजच नाही. शेजारी दगड टेकवून ठेवा, ते स्वतः त्यावर चढतात. चांगले पसरले की मधला सांधा ब्लेडने कापा. केनिया ट्री फांद्यांचे तुकडे आपसूक टाकतं, ते जिथे अडकतील तिथे धरतात. इतके धरतात की पुढे उपटत बसावं लागतं.

गोंद अगदीच निरुपयोगी आहे असं नाही. तुकडा एकदा लहान दगडावर धरला की तो दगड मोठ्या दगडावर बसवायला घट्ट जेलचा सुपरग्लू उत्तम. ग्रीन स्टारची जांभळी चटईही खालच्या बाजूने गोंद घेते. लेदरच्या ओल्या देठाला मात्र लावू नका.

'समुद्राचं पाणी ते समुद्राचं पाणी'

यात अर्धं खरं आहे. स्वच्छ समुद्राच्या पाण्यावर टाक्या चालतात. प्रश्न कुठलं आणि कधीचं पाणी, हा आहे. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. तेव्हा खाड्यांच्या तोंडाशी लाल गढूळ पाणी येतं, खारटपणा उतरतो. टाकीला हजारी 35 च्या आसपास क्षार लागतात. जेटीजवळचं पाणी तर बारा महिने डिझेलच्या तवंगाचं. आणायचंच असेल तर पावसाळा सोडून, खाडी आणि बंदरापासून लांब, भरतीच्या वेळी भरा, गाळून घ्या, रिफ्रॅक्टोमीटरने (खारटपणा मोजायच्या उपकरणाने) तपासा. एवढी यातायात करण्यापेक्षा आरओच्या पाण्यात टाकीसाठी मिळणारं समुद्री मीठ कालवणं मला सोयीचं वाटतं. ज्याची त्याची हौस.

'दगड आणि कोरल किनाऱ्यावर फुकट मिळतात'

इथे मेसेज तुम्हाला थेट गुन्ह्यात अडकवतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारी सगळी कठीण कोरल आहेत, काळी कोरल आणि समुद्रपंखेही आहेत. वाघ त्याच अनुसूचीत आहे. ओहोटीत सापडलेला मेलेला पांढरा तुकडाही घरी नेता येत नाही. मालवणला तर सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी दगड कामाचा नाही. आपल्याकडे हाताशी येतो तो जांभा. त्यात लोह भरपूर. गोड्या पाण्यातल्या झाडांच्या टाकीत जांभ्याची माती त्यासाठीच घालतात. रीफ टँकमध्ये त्याचा चुरा सुटत राहतो. 'दगड उकळून निर्जंतुक करा' ही मेसेजमधली पुढची ओळ तर जिवावरची आहे. कातळावरच्या डबक्यांत झोआच्या जातीचे जीव दगडाला धरून असतात, आणि त्यांच्यातल्या काही पॅलिथोआंमध्ये पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं. असा दगड उकळल्यावर वाफेने घरची माणसं इस्पितळात गेल्याच्या घटना परदेशात नोंदलेल्या आहेत. उकळू नका. झोआ कापताना हातमोजे आणि चष्माही हवाच.

तुकडा घ्यावा तो टाकीत वाढलेल्या कोरलचाच, ओळखीच्या टँकवाल्याकडून. त्याला टाकीतल्या पाण्याची आणि दिव्याची सवय असते.

'जितका उजेड जास्त, जितका खाऊ जास्त, तितकी वाढ जास्त'

दोन्ही नाही. मांसात राहणारं शेवाळ या कोरलना बरंचसं अन्न पुरवतं. नवा तुकडा एकदम झगझगीत दिव्याखाली ठेवला तर तेच शेवाळ तो बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. आधी खाली, सावलीत. मग हळूहळू वर. टाकीत मासे खात असतील तर वेगळा खाऊ बहुधा नकोच. उलट नायट्रेट (माशांच्या घाणीतून पाण्यात साचणारं पोषण) अगदी शून्यावर आणणाऱ्यांची लेदर खुरटलेली दिसतात. मे महिन्यात उजेडापेक्षा पाण्याच्या तापमानाची काळजी करा. 29 अंशांपुढे गेलं की पंखा लावा.

'मिटलं की मेलं'

चांगली धडधाकट लेदर या सल्ल्यामुळे कचऱ्यात गेली आहेत. लेदर अधूनमधून कात टाकतं. पॉलिप (अंगावरची बारीक फुलांसारखी तोंडं) आत घेतं, अंग तुकतुकीत, मेणचट दिसायला लागतं आणि चारपाच दिवस, कधी दोन आठवडेसुद्धा तसंच राहतं. मग तो पातळ पापुद्रा सुटतो, त्याबरोबर वर बसलेलं शेवाळ आणि घाण निघून जाते, आणि पॉलिप पुन्हा बाहेर येतात. कापल्यावर आणि जागा बदलल्यावरही हेच होतं. या काळात प्रवाह थोडा वाढवा, म्हणजे पापुद्रा लवकर निघेल, आणि फिल्टरमध्ये कार्बन (रसायनं शोषणारा कोळसा) घाला, कारण सॉफ्ट कोरल शेजाऱ्यांना त्रास देणारी रसायनं पाण्यात सोडतात. रोज उचलून बघू नका.

मेलेलं कोरल ओळखायला अवघड नाही. मांस मऊ होऊन काळपट-तपकिरी लगदा सुटतो, आणि बाहेर काढून नाकाशी नेलं तर कुजलेल्या कालवांसारखा भपकारा येतो. तसं झालं असेल तर सडलेला भाग निरोगी मांसापर्यंत ब्लेडने कापा, उरलेला तुकडा पुन्हा दगडाला बांधा आणि त्याच दिवशी टाकीचं थोडं पाणी बदला.